पाळीवरची राखण

केवळराम कापगतेनं आयुष्यात अकरा तलाव बांधले आणि एक फोडला. अकरांची नावं नवेगावपासून सौंदडपर्यंत कुणालाही विचारा, तोंडपाठ सांगतील. फुटलेल्याचं नाव मात्र आता इकडे दोघांनाच ठाऊक होतं, एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको धुरपताबाई. कारण तो तलाव आपल्या झाडीपट्टीत नव्हताच. तो होता पार कोकणात, समुद्राकाठच्या निवेबंदरला. तिथून परतल्यावर चोवीस वर्षं केवळरामानं समुद्राचं नाव काढलं नाही. लोक म्हणायचे, माणूस अबोल आहे. अबोल कसला डोंबलाचा! मनात खोट असली की जिभेला आपोआप गाठ बसते.

केवळराम जातीचा कोहळी. कोहळ्याच्या घरचं पोर चालायच्या आधी चिखल मळतं, असं आमच्याकडे म्हणतात. दोन टेकड्यांमधली जागा हेरायची, मातीची पाळ घालायची, पाणी अडवायचं आणि धानाला, उसाला पुरवायचं, हे कोहळ्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. त्यात अब्रू अशी की ज्याची पाळ फुटली त्याला दुसऱ्या पाळीला कुणी बोलवत नाही. पोरगी देतानासुद्धा विचारतात, याच्या बापाची पाळ टिकली का? म्हणूनच एक रीत होती. पाळ बांधणाऱ्यानं पहिला पावसाळा पाळीवरच काढायचा. खोपी टाकायची आणि घरदार विसरून तिथं राहायचं. पहिलं पाणी कुठून झिरपतं, पाळ कुठं बसते, ते बांधणाऱ्याच्याच डोळ्याला कळतं, भाड्याच्या डोळ्याला नाही.

त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे बत्तीस साली, भादव्यात शेजारच्या गावची एक नवी पाळ फुटली. बांधणारा तरुण होता, स्वतः पाळीवर राहिला नव्हता, त्यानं सरळ राखणदारावर ढकललं. तुडुम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड. ते राखणदार बकारामनं वेळेवर उघडलं नाही, दारू पिऊन पडला होता, असं तो सांगत सुटला. बकाराम रडून रडून अर्धा झाला. पंचांनी केवळरामाला बोलावलं. त्यानं फुटल्या पाळीची चिमूटभर माती दोन बोटांत चोळली, जिभेला लावली आणि सांगून टाकलं की राखणदाराचा काही दोष नाही, मातीच खोटी आहे. संपलं. केवळरामानं म्हटल्यावर पुढं बोलायची कुणाची छाती? बकारामनं त्याचे पाय धरले.

घरी आल्यावर केवळराम पानावर बसला, पण घास काही खाली उतरेना. धुरपताबाईनं वाढायची पळी खाली ठेवली.

"काऊन जी, जेवून नाई राहिले?"

भूक नाही म्हणाला. तिला सगळी हकिगत आधीच कळली होती. गावात बातमी माणसाच्या आधी घरी पोचते.

"बकारामले एका शब्दात सोडवलं तुमीनं," ती म्हणाली. "मंग त्या समुद्रावाल्याले कोण सोडवंल?"

केवळराम ताटावरून उठला. धानाची कापणी, मळणी, मग गुडघा दुखतो, मग लांब आहे, अशी एकेक सबब त्यानं पुढचे चार महिने पुढं केली. बाई त्या एकेक मोजत राहिली. पौषात धान घरात आलं, गुऱ्हाळ आटोपलं, आणि एके सकाळी तिनं गुळाची ढेप, मुरमुरे आणि दोन धोतरं बांधून गाठोडं उंबऱ्यावर आणून ठेवलं. म्हणाली, माझ्यापायी पाळ सोडून आले होते तुम्ही, माझ्याही जिवाला ते लागून आहे, आता जा.

केवळराम गेला.

सौंदडहून छोटी गाडी, गोंदियाहून मोठी गाडी, मग मुंबई, मग आगबोट. चार दिवसांचा प्रवास, आणि त्या चार दिवसांत त्याला आठवायचं नव्हतं ते सगळं आठवलं.

केशोराव नावाचे एक कोकणी गृहस्थ भंडाऱ्याकडे सरकारी ओव्हरसियर होते. बारा वर्षं त्यांनी आमचे तलाव बघितले आणि तोंडात बोट घातलं. पेन्शन घेऊन निवेबंदरला घरी गेले, तर तिथं ही बोंब! समोर एवढा समुद्र आणि गावाला प्यायला पाणी नाही. फाल्गुन लागला की विहिरी मचूळ व्हायच्या, आणि बायका मैलभरावरून डोक्यावर हंडे आणायच्या. गावाशेजारी डोंगरातून एक ओढा येऊन खाडीला मिळायचा. केशोरावांना वाटलं, एखादा कोहळी आणून इथं तलाव का बांधू नये? त्यांनी केवळरामाला नेलं. एकोणीसशे आठ सालची गोष्ट. अठ्ठावीस वर्षांचा गडी, आजाचं नाव मोठं, आणि स्वतःच्या नावाची दुसरीच पाळ.

समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा केवळराम गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला. मग केशोरावांना म्हणाला, एवढं पाणी आणि थेंबभर धानाला नाही, मग कायले ठेवलं देवानं? केशोराव हसून हसून खाली बसले होते.

राहायची सोय झाली धाकूच्या पडवीत. धाकू म्हणजे तिथल्या मच्छीमार वाडीतला पस्तिशीचा माणूस, मोठ्या होडीवर जाणारा. त्या हंगामात होडी सोडून तो तलावाच्या कामावर माती वाहणाऱ्यांचा मुकादम झाला. सुक्या मासळीच्या वासानं केवळरामाला पहिले आठ दिवस मळमळायचं, तर धाकूची बायको त्याच्यापुरतं कुळथाचं पिठलं वेगळं करायची. महिन्याभरानं तोच बोंबील मागून घ्यायला लागला. दोघांचं इतकं जमलं की वाडीतले लोक म्हणायचे, तळेवाला आणि धाकू एका ताटातले आहेत.

आता चूक सांगतो. ती दुसऱ्या कुणाकडून झालीच नसती, कोहळ्याकडूनच व्हायची.

पाळीची माती निवडायची आमची एक परीक्षा आहे. मूठभर माती मळून गोळा करायचा आणि रात्रभर पाण्याच्या लोट्यात बुडवून ठेवायचा. सकाळी गोळा अख्खा उचलता आला तर माती पक्की. विरघळला तर ती माती सोडून द्यायची. निवेबंदरची डोंगराकडची तांबडी माती केवळरामाला भगराळ, सुटी वाटली, आणि खाडीतला काळा चिखल बघितल्यावर तो खूश झाला. काय चिकण! काय मऊ! त्यानं गोळा केला, लोटा घेतला, आणि पायाशीच खाडी होती, तिचं पाणी भरलं. बायका मैलभरावरून आणतात ते गोडं पाणी मातीत ओतणं त्याला पाप वाटलं. शिवाय आमच्याकडे पाणी म्हणजे पाणी. कोणतं पाणी, असं आजवर कुणी कुणाला विचारलंय? गोळा सकाळी दगडासारखा निघाला. केवळरामानं तोच चिखल पाळीला लावला.

धाकूनं एकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं की ही खारी माती आहे, हिची सवय खाऱ्या पाण्याची, गोड्या पाण्यात ती धरणार नाही. केवळरामानं त्याला तिथल्या तिथं गप्प केलं. तू मासे ओळख, माती माझ्या आज्यानं मला शिकवली आहे, म्हणाला. लोक हसले. धाकूही हसला.

पाळ उभी राहिली. वैशाख सरत आला. आगबोट पावसाळ्यासाठी बंद व्हायला आठ दिवस उरले होते. पहिला पावसाळा केवळराम पाळीवर काढणार, हे आधीच ठरलेलं. तेवढ्यात गावाकडून पत्र आलं. धुरपताबाईला सातवा लागला होता आणि तिची तब्येत धड नव्हती. तिची आधीची दोन बाळं गेलेली. केवळरामाचा जीव कासावीस झाला. शेवटची बोट चुकली तर आश्विनापर्यंत अडकून पडायचं होतं.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी धाकू पडवीत एक लोटा घेऊन आला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यानं तो केवळरामासमोर ठेवला. आत विहिरीचं गोडं पाणी होतं आणि पाळीच्या मातीचा गोळा घातलेला होता. गोळा कुठला! नुसती काळी पेज झाली होती. बिचाऱ्यानं चारचौघांत दाखवलं नाही, मित्राची शोभा नको म्हणून एकट्याला दाखवलं. केवळरामानं काय करावं? त्यानं लोटा उचलून अंगणात ओतला आणि म्हणाला, तुला मळता आलं नसेल नीट, कोळ्याचा हात आहे तुझा.

धाकूनं आपल्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, तसंही असेल.

दुसऱ्या दिवशी केवळराम बोटीत बसला. राखण धाकूवर सोपवली. पाणी चढलं की तुडुम कसा उघडायचा ते त्याला समजावून दिलं. या वर्षी पाणी भरूच नका, तोंड उघडंच राहू द्या, एवढं एक वाक्य बोलायला काय लागलं असतं? पण तेवढं बोलणं म्हणजे माती खोटी आहे हे कबूल करणं. बायकोसाठी निघालो, असं तो पुढं स्वतःला सांगत आला. ते खरंही होतं. पण निम्मंच खरं होतं, आणि हे निम्मंशिम्मं खरं फार वाईट, माणसाला धड झोपू देत नाही आणि धड उठूही देत नाही.

श्रावणात धुरपताबाईला मुलगी झाली आणि जगली. तिचं नाव शामकला. त्याच श्रावणात पहाटेच्या वेळी निवेबंदरची पाळ फुटली. खालच्या वाडीतली आठ घरं गेली, ओढून ठेवलेल्या होड्या फुटल्या, एक म्हातारी आणि तिला काढायला गेलेला तिचा जावई वाहून गेले. केशोरावांचं पत्र आलं. लोक दोन बाजूंनी बोलतात, काही म्हणतात माती खोटी, काही म्हणतात धाकू झोपला, धाकू तर शपथेवर सांगतो की मी जागा होतो, तेव्हा तू काय म्हणतोस ते कळव. नेमकं त्याच आठवड्यात इकडच्या एका मालगुजार जमीनदारानं केवळरामाला नवीन पाळीसाठी बोलावणं धाडलं होतं. केवळरामाला लिहिता येत नव्हतं. शाळेच्या मास्तरासमोर बसून त्यानं तीन वाक्यं सांगितली. माती खणखणीत होती. तुडुम वेळेवर उघडला असता तर पाळ फुटली नसती. राखणाऱ्याचा डोळा लागला असेल.

मास्तरानं लिहिलं, वाळू टाकली, घडी घातली. एवढंच.

आगबोटीतून उतरून बघतो तर निवेबंदर बदललं होतं. धक्क्याला नवे दगड बसवले होते, चहाची दोन दुकानं झाली होती, आणि ओढ्यावर आता डोंगराच्या अंगाला एक चिरेबंदी बंधारा दिसत होता, सरकारनं बांधलेला. केवळरामाची पाळ होती तिथं दोन बाजूंना दोन उंचवटे उरले होते, त्यांच्यावर केवडा माजला होता. त्यानं तिकडे एकदाच बघितलं आणि मान वळवली.

धक्क्यावर एक कोळीण मासळीची टोपली दुसरीजवळ ठेवून कुठंतरी निघाली होती. जाता जाता तिला म्हणाली, नीट ध्यान ठेव गो, धाकूची राखण नको. दुसरी हसली. दोघींचंही वय तिशीच्या आतलं. पाळ फुटली तेव्हा त्या दुपट्यात असतील नाहीतर जन्मल्याच नसतील. त्यांच्यासाठी ती नुसती म्हण होती. केवळराम तिथंच एका दगडावर बसला.

चहाच्या दुकानात धाकूचं घर विचारलं तर दुकानदार सहज म्हणाला, कोण, राखण्या धाकू? जुन्याच जागी आहे, होडीवर जातोय कुठं तो. मग विचारल्यावर त्यानं सगळं सांगितलं. पहाऱ्याला झोपणारा माणूस होडीवर घ्यायचा नाही, हा या लोकांचा कायदा. समुद्रात एकाच्या झोपेनं सगळे बुडतात. कुणी धाकूला मारलं नाही, वाळीत टाकलं नाही, लग्नाकार्याला बोलवतात, सगळं रीतसर. फक्त चोवीस वर्षं एकाही तांडेलानं, होडीच्या म्होरक्यानं, त्याला होडीत पाय ठेवू दिला नाही. तो दुसऱ्यांची जाळी सांधतो.

धाकू माडाखाली जाळ्याच्या ढिगात बसला होता. साठीला टेकलेला, पण दिसत होता ऐंशीचा. केवळरामानं मनात चार दिवस शब्द जुळवले होते, कसं बोलायचं, कुठून सुरू करायचं. तोंड उघडायच्या आधीच धाकूनं मान वर केली आणि ओळखलं.

"केवळा? तळेवाला ना रं तू?"

मग त्याच्या आनंदाला पारावार राहिला नाही. मुलीला, आवडीला, हाका मारून चहा टाकायला लावला, बायको वारल्याचं सांगितलं, गूळ हातात घेऊन वास घेतला. आणि सगळ्यात आधी काय विचारलं माहीत आहे? तुझी बायको पोटुशी होती तेव्हा, ते पोर जगलं काय, असं विचारलं. केवळराम म्हणाला, जगली, पोरगी आहे, आता तिलाच दोन पोरं आहेत.

"मग बरं केलंस गेलास ते," धाकू म्हणाला. "न्हाईतर त्या बाईनं काय केलं आस्तं एकटीनं?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या खायची तयारी करूनच केवळराम घरून निघाला होता. हे असलं काही त्यानं धरलंच नव्हतं. त्याला हुंदका फुटला, आणि त्या हुंदक्यातच त्यानं सांगून टाकलं.

"धाकू, तू झोपला नोहोतास. माती खोटी होती. मले तवाच माहीत होतं, तू लोटा दाखवला तवाच. मी खोटं लिहून धाडलं."

धाकूच्या हातातली जाळ्याची सुई थांबली. आवडी चहा घेऊन दारात आली होती, तीही थांबली. मग धाकूनं मान हलवली, लहान मुलाला समजवावं तशी.

"न्हाय रं. मी झोपलो व्हतो."

केवळरामाला वाटलं, याला ऐकू आलं नसेल. त्यानं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं सांगितलं. गोळा, गोडं पाणी, खारं पाणी, मालगुजाराचं बोलावणं, मास्तर, सगळं. धाकू शांतपणे ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला की पहिले दहा दिवस तोही भांडला होता, मी जागा होतो म्हणून. देवळाच्या पायरीवर केशोरावांनी केवळरामाचं पत्र वाचून दाखवलं, आणि त्या दिवसापासून तो विचार करायला लागला. माती केवळाला कळते, आपल्याला नाही. केवळा म्हणतो माती खणखणीत, तर ती असणारच. तीन रात्री सलग पाऊस होता, पाळीला पाठ लावून तो बसला होता. मग डोळा लागलाच असणार.

"झोपनाऱ्याला कुटं कळतं, तो झोपला ते?" तो म्हणाला.

केवळराम जाळं बाजूला सारून पुढं सरकला. त्यानं विचारलं, बरं, त्या पहाटे तुला काय दिसलं ते तरी सांग. धाकू म्हणाला, दिसलं काय, ते सपन. सपनात पाळीच्या पायथ्याशी काळं पाणी येताना दिसलं. आधी करंगळीएवढं, मग मनगटाएवढं. मग तो तुडुमाकडे धावला, पण पोचायच्या आधीच पाळ मधोमध खाली बसली, बसकण मारल्यासारखी. हे सगळं त्यानं तेव्हाही लोकांना सांगितलं होतं. लोक म्हणाले, वरून पाणी जाऊन पाळ फुटते, खालून कशी फुटेल, तुला स्वप्न पडलं असेल.

केवळरामानं ते लगेच ओळखलं. खोट्या मातीची पाळ अशीच जाते. अगदी अशीच. खालून, आतून, आधी करंगळीएवढी. जन्मभर पाळी बांधणाऱ्याखेरीज हे कुणी सांगू शकत नाही, नाहीतर ज्यानं डोळ्यांनी बघितलं तोच सांगू शकतो. हा माणूस टक्क जागा होता. डोळ्यांत तेल घालून जागा होता आणि धावलाही होता.

"धाकू, हे सपनात दिसत नाई गा. हे जाग्या माणसालेच दिसते."

धाकू हसला. दात नव्हते त्याला.

"येवड्या लांबनं माज्यापायी आलास," तो म्हणाला, "आनि माज्यापायी सोताच्या मातीला नावं ठिवतोस. नको रं. तुजं नाव मोटं हाय, आमी ऐकतो हितं. बोटीवरनं येनारे सांगतात."

पालथ्या घड्यावर पाणी. केवळरामानं संध्याकाळपर्यंत समजावलं. आवडीनं एकदा त्याच्याकडे असं बघितलं की त्याला वाटलं, हिला पटतंय. पण ती नंतर विहिरीवर निघाली तेव्हा हळूच म्हणाली, काका, बाबाला आता हलवू नका, एवढी वर्षं घातली त्यांनी मन वळवण्यात. जागा होतो म्हणावं तर जन्म फुकट गेला असं होईल. झोपलो होतो म्हटलं की निदान हिशोबात बसतं.

केवळरामाला तेही कळलं. पण त्याला वाटलं, धाकू नको म्हणेल, गाव कसं नको म्हणेल? ज्या पायरीवर पत्र वाचलं त्याच पायरीवर मी उभा राहून सांगीन. केशोराव तर कधीच वारले होते. त्यानं वाडीच्या पाटलाला गाठलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी देवळात माणसं जमवली. चाळीस-पन्नास जण आले, बायकाही आल्या. जुने चार म्हातारे पुढं बसले. केवळराम उभा राहिला. आयुष्यात तो इतका लांब बोलला नव्हता. खोटं मीच लिहिलं, माझी पाळ खोटी, तुमची दोन माणसं माझ्यामुळं गेली, या माणसानं राखण इमानानं केली, असं त्यानं हात जोडून सांगितलं. म्हणाला, मला काय द्यायची ती शिक्षा द्या.

त्या म्हाताऱ्यांतला एक जण, ज्याचा भाऊ, म्हणजे त्या म्हातारीचा जावई, त्या पुरात गेला होता, काही बोलायला तोंड उघडत होता. केवळराम त्याच्याकडेच बघत होता. त्याला वाटलं, आता. आता सुटेल.

तेवढ्यात मागून धाकू उठला. खांबाला धरून उभा राहिला.

"मंडळी, मनावर घेऊ नका," तो म्हणाला. "तो माजा दोस्त हाय. माज्यासाठी खोटं बोलतोय."

झालं! त्या एका वाक्यानं केवळरामाचं सगळं बोलणं वाहून गेलं. म्हाताऱ्यानं उघडलेलं तोंड मिटलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बायका पदरानं डोळे पुसू लागल्या. पाटील म्हणाला, मैत्री असावी तर अशी, चारशे कोसांवरून माणूस दुसऱ्याचा डाग आपल्या अंगाला लावून घ्यायला येतो. केवळराम ओरडत राहिला की अरे मी खरं सांगून राहिलो, खरं सांगून राहिलो. जितका ओरडला तितकं लोकांना त्याचं कौतुक वाटलं. पुजाऱ्यानं त्याच्या हातात नारळ दिला आणि कुणीतरी खांद्यावर पंचा घातला. त्याचं कपाळ फुटलं तरी कुणी ऐकणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आगबोट आली. ती खोल पाण्यात उभी राहते आणि उतारूंना होडीनं तिच्यापर्यंत न्यावं लागतं. धाकू पोचवायला किनाऱ्यापर्यंत आला आणि पाण्याच्या अलीकडे, रोज थांबत असेल तिथं, थांबला. होडीवरचा तांडेल तरुण होता. देवळात तोही होता. त्यानं धाकूकडे बघितलं, केवळरामाकडे बघितलं, आणि म्हणाला, ये आजा, पाव्हण्याला सोडून येऊ, आजच्या दिवस. धाकूनं धोतर वर खोचलं आणि घाईघाईनं होडीत चढला, तांडेलाचा विचार बदलेल या भीतीनं असावं. सगळी वाट तो होडीच्या कडेला धरून बसला होता आणि त्याचा चेहरा नुसता फुलला होता. आगबोटीच्या शिडीजवळ त्यानं केवळरामाचा हात दाबला.

"चोवीस वर्सांनी होडीत बसलो बघ, केवळा. तुज्यामुळं."

केवळराम वर चढला. होडी परत किनाऱ्याला लागेपर्यंत तो बघत होता. धाकू उतरला, आणि तांडेलानं होडी मागं ओढून घेतली.

घरी पोचला तेव्हा दुपार होती. धुरपताबाई अंगणात लाखोरीची डाळ निवडत होती. तिनं पाय धुवायला पाणी दिलं. तो खाटेवर बसल्यावर तिनं गाठोडं सोडलं. धोतरं निघाली, आणि त्यांच्यात गुंडाळलेला नारळ आणि नवा पंचा निघाला.

"हे कायचं जी?"

"सत्कार केला त्यायनं माहा."

ती नारळ हातात घेऊन उभी राहिली. सांगितलं का, तिनं विचारलं. केवळराम म्हणाला, सांगितलं, देवळात, सगळ्यांसमोर, हात जोडून सांगितलं.

"मंग? सुटला का तो?"

केवळरामानं नव्या पंच्याची घडी घातली.

"तो नाई सुटला," तो म्हणाला. "मलेच सोडलं सगळ्यायनं."